लाल पट्टीचा खेळाडू

मी एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो. आलोकनं मला नांदेडला विकत घेतलं, तेव्हा माझं काय कौतुक होतं! इंजिनिअरिंगची चार वर्षं मी त्याच्याबरोबर काढली. मग माझी बिजागरी मोडली आणि मी कपाटात पडलो. शेवटी लातूरला त्याच्या बहिणीकडे, मुग्धाकडे आलो. तिची अकरा वर्षांची लेक मनस्विनी शिष्यवृत्तीच्या क्लासला जाते.

आलोकमामाचा बेसबॉलचा खेळ माझ्यात तसाच राहिला होता. त्यात चेंडू आपण फेकायचा नसतो, संघ सांभाळायचा असतो. कुणाला खेळवायचं, कुणाला बसवायचं, एवढंच आपण ठरवायचं.

एका रविवारी दुपारी मुग्धा मागे येऊन उभी राहिली. लातूरच्या मोठ्या भूकंपाच्या साली जन्मलेली ही बाई, भांडं पडलं तरी दाराकडे धावते.

"मनू, ही लाल पट्टी कशाची गं?"

"हा चेंडू फेकणारा हाय ना, त्याचा खांदा थकलाय. विश्रांती न्हाई दिली की हिरवी पट्टी पिवळी होती, मग लाल. लाल म्हणजे दुखापतीचा धोका."

"मग त्याला कशाला खेळवायलीस?"

"लाल झालं की मोडतंच असं न्हाई. अन् सामना सोडला तर आपला संघ गुणतक्त्यात खाली जातो."

मी फक्त इशारा देतो. थांबवणं माझ्या हातात नाही. मनस्विनीनं 'खेळव'वर बोट ठेवलं.

"डाव्या हातानं का दाबतीस?"

"उजवा दुखतोय. क्लासच्या जिन्यात पडले होते ना."

"अजून दुखतोय?"

"तूच म्हणलीस की, बाम लाव, टेस्ट बुडली तर खालच्या बॅचमध्ये टाकतील."

मुग्धानं तिची बाही वर सारली. मनगट टम्म सुजलं होतं. ती तशीच उठली आणि मनूला दवाखान्यात घेऊन गेली.

संध्याकाळी दोघी परतल्या, त्या मनूच्या हाताला प्लास्टर घालूनच. हाडाला तडा गेला होता, आणि त्याच हातानं पोरीनं सहा दिवस पेपर सोडवले होते.

मुग्धानं क्लासच्या सरांना फोन लावला. "मनू महिनाभर टेस्ट देणार नाही, सर... हो, कळतंय मला. खालच्या बॅचमध्ये जाऊ द्या तिला." मग ती माझ्यासमोर बसली.

"ह्या लाल पट्टीवाल्याला बसव आधी."

"सामना जाईल, आई."

"जाऊ दे."

मित्रांनो, माझ्या पडद्यावर दुखणं रंगानं दिसतं. तुमच्या अंगावर तशी पट्टी नसते. म्हणून दुखलं की सांगा. एकदा ऐकलं नाही तर जेवताना सांगा, रिक्षात बसताना सांगा, टेस्टच्या दिवशी तर नक्कीच सांगा. मुग्धासारखी जागरूक आईसुद्धा सहा दिवस चुकू शकते.