ओठ ओढायचा नाही

कोपर गावच्या आगऱ्यांत तुळसाशिवाय हळद लागायची नाही. ती धवलारीण. लग्नात गायची गाणी, धवले, सगळे तिला तोंडपाठ. भटजी वेळेवर आला काय न आला काय, तिने मांडवात बसून सूर लावला की नवरीची आई पदर डोळ्यांना लावायची आणि मग नवरी. अशी बाई! पण जन्मभर सकाळ-संध्याकाळ मिश्री घासून घासून तिने खालच्या पुढच्या दातांच्या हिरड्या पार उतरवून ठेवलेल्या. दात मुळापर्यंत उघडे पडले होते आणि हलायलाही लागले होते. त्यात नातीचं, ऐश्वर्याचं, लग्न ठरलेलं.

"दात जेले तर शब्दातून नुसता वारा जाईल गो," ती सुनेला, कल्पिताला, म्हणाली. "माज्या ऐशूच्या हलदीला मी फुसफुसत बसू काय?"

धवले दुसऱ्या कोणाला येत असते तर गोष्ट वेगळी होती. पण आताच्या पोरींना शिकायचं कुठे असतं? त्यांना डीजे लागतो. तुळसाने दोन-चार जणींना बसवून पाहिलं, त्या मोबाईल बघत उठून गेल्या. म्हणजे गावात धवले होते ते एवढ्या एका तोंडात.

कल्पिताने तिला माजिवड्याला डॉक्टर दर्शनाकडे नेलं. डॉक्टर तरुण होती, पण हाताची हलकी. तिने टाळूची पातळ कातडी काढून खालच्या दातांपुढे शिवली आणि सासू-सुनेला समोर बसवून नीट समजावलं. मिश्री बंद. गरम, तिखट, कडक काही नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओठ ओढून बघायचं नाही, कोणाला दाखवायचं नाही. "टाके ओढले जातात, आजी. तुकडा हलला तर त्याला रक्त मिळत नाही, तो मरतो. आणि तो पांढरा दिसायला लागेल, त्याला घाबरू नका."

तुळसाने मान हलवली. घरी आल्यावर सुनेला म्हणाली, "मना कलला. लावनी केली की मुला धरंपर्यंत रोप उपटून बघाचा नाय."

मिश्रीचा डबा तिने स्वतःच्या हाताने नाल्यात फेकला. मुलगा मितेश बघतच राहिला. घरात सगळ्यांना वाटलं, मिश्री सुटली म्हणजे गड जिंकला. कसलं काय!

कोणाचं ऑपरेशन झालं की बघायला जायचं, ही आमच्याकडची रीत. नाही गेलात तर तोंड फिरवलंत असा अर्थ. आणि नुसता चहा पिऊन परतायचं नाही, दुखणं डोळ्यांनी बघायचं. हर्निया असो की मोडलेला पाय, पांघरूण बाजूला करून दाखवावं लागतं. मग तुळसाकडे तर अख्खं गाव लोटणार. नारळ, बिस्किटांचे पुडे, शहाळी घेऊन बाया आल्या आणि पलंगाला खेटून बसल्या.

"दाव ना गो, कुठं कापला?"

"ओठ ओढायचा नाही म्हणून सांगितलंय डॉक्टरांनी," कल्पिता मध्ये पडली.

आलेल्या बाईचा चेहरा खर्रकन उतरला. "आमी काय परक्या हाव काय?"

तुळसाला ते बघवेना. या बाईच्या अंगाला हळद लागली तेव्हा सूर तिचा होता, हिच्या लेकींच्या वेळीही तिचाच. हिला परकी कशी म्हणणार? तिने दोन बोटांनी खालचा ओठ धरला आणि खाली ओढला. बाईने वाकून बघितलं, हळहळली, समाधानाने बसली. कल्पिता चहा टाकायला आत गेली. मग दुसरी आली, तिलाही दाखवलं. तिसरीला नाही म्हणायला तोंड उरलं नाही. एकदा दाखवल्यावर कोणाला आणि कसं अडवणार, तुम्हीच सांगा.

मग तुळसाची नणंद आली, शकू. ही तर जिवाला जीव देणारी. तुळसा टायफॉईडने पडली होती तेव्हा आपला संसार टाकून उशाशी बसलेली. तिने ओठाआड बघितलं आणि किंचाळलीच.

"वयनी! पू झालाय गो! सगला पांडरा पडलाय!"

"आत्या, तो पू नाही. पांढरं होणार असं डॉक्टर बोललेल्या," कल्पिता कळवळून म्हणाली.

"तुजी डाक्टरीन काल आलेली पोर! माजे केस काय उनात पिकले?"

तुळसाने आरसा मागितला. खरंच, पांढरट बुळबुळीत साय धरल्यासारखं दिसत होतं. एकीकडे डॉक्टरचा शब्द, दुसरीकडे उशाशी बसलेली शकू. शकूने मिठाच्या कोमट पाण्यात फडकं भिजवलं आणि वहिनीचं डोकं मांडीवर घेऊन, लहान पोराचं पुसावं तसं, हळूहळू सगळं पांढरं पुसून काढलं. फडक्याला रक्त लागलं, दोऱ्याचे तुकडे आले.

"बघ, निघाली सगली घान," शकू म्हणाली, आणि तुळसाला खरोखर बरं वाटलं.

टाके दाखवायला गेल्यावर डॉक्टर दर्शना बराच वेळ तोंडात बघत राहिली. मग हातमोजे काढले. "ओठ कोणी ओढत होतं का?"

तुळसाने पदर तोंडावर धरला.

"पांढरी पडते ती वरची साल, आजी. खाली जखम धरत असते. आता काहीच राहिलं नाही."

"परत लाव ना, बाय. टालू आजून हाय ना माजी."

"आधी ही जखम भरायला हवी. आणि तोवर हे दात थांबणार नाहीत."

थांबले नाहीतच. दुधात कुस्करलेल्या भाकरीतसुद्धा एकेक करून निघून आले. खोटे दात बसवले, तर ते तोंड उघडलं की जिभेवर नाचायचे. कल्पिता शकूला फाडफाड बोलायला निघाली होती, तुळसाने तिचा हात धरला. "तिला काय बोलू नको. जीव टाकते ती माज्यावर." मग भिंतीकडे तोंड करून निजली आणि खूप रडली. राग काढायला समोर कोणी दुश्मन असता तरी बरं होतं.

हळदीच्या दिवशी ऐश्वर्या पाटावर बसली. तुळसाने सूर लावला. सूर तोच होता हो, जसाच्या तसा. पण शब्द ओठांशी येऊन विरत होते, नुसती हवा निघत होती, आणि दुसऱ्याच ओळीला थुंकी उडून नातीच्या गालावर पडली. मागे कोणी पोरगी फिसकन हसली. समोर त्याच सगळ्या बाया बसलेल्या, शकू सगळ्यांत पुढे. एकही वर बघेना. ऐश्वर्याने गाल पुसला नाही, पण तिची मान खाली गेली, ती रडण्याने नव्हे. मितेशला आईची अवस्था बघवेना. त्याने दाराकडे बघून हळूच हात केला आणि डीजे सुरू झाला.

पोरं नाचायला उठली. बायांनी सुटका झाल्यासारख्या टाळ्या धरल्या. धवला अर्धा टाकून उठायचं नसतं, म्हणून तुळसा पाटाशी बसून शेवटच्या ओळीपर्यंत गात राहिली. तिचं तिलासुद्धा ऐकू आलं नाही.