मालकांना खाली उतरवण्याची रीत

कंपनीत त्यांना सगळे 'मेहुणे' म्हणत. वास्तविक ते एकट्या मालकांचे मेहुणे होते. परंतु मालकांचे जे जे असेल ते कंपनीने आपले मानावे, असा तिथला प्रघात असल्यामुळे शिपायापासून हिशेबनिसापर्यंत सर्वांचेच ते मेहुणे झाले होते. याच नात्याच्या बळावर ते सुरक्षाप्रमुखही होते. आणीबाणीत काय करावे याची एक पुस्तिका त्यांनी छापून घेतली होती. तिचे पहिले कलम 'घाबरू नये' हे होते; दुसरे सुचायचे राहिले होते.

रंगाच्या नव्या कारखान्याचे उद्घाटन करायला मालक आणि मेहुणे हेलिकॉप्टरने निघाले, तेव्हा ही पुस्तिका प्रत्येक आसनाच्या खिशात होती.

कारखाना दिसू लागल्यावर कॅप्टनने चाके बाहेर काढणारी दांडी खाली ओढली. समोर तीन हिरवे दिवे लागायला हवे होते. पुढच्या चाकाचा लागला, डाव्या चाकाचा लागला, उजव्याचा लागेना.

कॅप्टनचा स्वभाव असा, की आधी यंत्र सांभाळायचे आणि मग काळजी करायची. त्याने हेलिकॉप्टर वर घेतले, उद्घाटनाच्या मांडवापासून दूर नेले आणि तिथे स्थिर वेगाने फेऱ्या सुरू केल्या. मग त्याने दिवाच गेला आहे का ते तपासले. दिवा शाबूत होता. दांडी वर करून पुन्हा खाली घेतली. शेवटी चाके जोराने बाहेर ढकलायला आणीबाणीच्या बाटलीतला दाबलेला गॅसही सोडला. उजवा दिवा आपला ढिम्म.

खाली कारखान्याच्या आवारात त्याची भाची होती. हेलिकॉप्टरची देखभाल तीच करत असे, आणि उतरण्याच्या तयारीसाठी आदल्या दिवशीच मोटारीने येऊन थांबली होती. कॅप्टनने तिच्या डोक्यावरून एक संथ फेरी मारली.

"मामा, उजव्या चाकाचं दारच उघडलेलं नाहीये," रेडिओवर ती म्हणाली.

"रेडिओवर मामा म्हणू नकोस."

"बरं, कॅप्टनमामा. दाराच्या कडीत ओला रंग जाऊन घट्ट बसला असणार. काल मी निघाले तेव्हा हेलिकॉप्टरचं पोट मळकट होतं, आता चकाकतंय. नंतर कुणी रंगवलं?"

कॅप्टनने मागे पाहिले. मेहुण्यांना एकाएकी ढगांविषयी आस्था वाटू लागली होती.

"फोटो खालून काढतात," अखेर ते म्हणाले. "मळकं पोट बरं दिसलं नसतं. तीन हात दिलेत. कंपनीचाच रंग आहे."

"आपला रंग एकदा बसला की निघत नाही," मालक अभिमानाने म्हणाले. मग काही वेळाने त्यांच्या ध्यानात आले. "म्हणजे आता?"

कॅप्टनने समजावून सांगितले. तो जमिनीपासून हातभर उंचीवर यंत्र अधांतरी धरेल. दोघांनी, त्याने सांगितल्यावर, डाव्या दाराने एकेक करून उतरायचे आणि वाकून पुढच्या दिशेने चालत जायचे. शेपटीकडे फिरकायचे नाही. मग भाची उजव्या बाजूखाली ट्रकचे जुने टायर आणि वाळूची पोती रचेल, आणि चाकाऐवजी त्यावर तो यंत्र टेकवेल. बांधकाम अजून चालू असल्यामुळे टायर आणि वाळू भरपूर होती. इंधन मात्र अर्ध्या तासापुरतेच उरले होते.

मेहुण्यांनी सांगण्याची वाट पाहिली नाही. यंत्र अजून पुरुषभर उंचीवर असतानाच त्यांनी पट्टा सोडला आणि दारातून अंग टाकले. वजन अचानक गेल्याने हेलिकॉप्टर झोकांडले. कॅप्टनने ते सावरले. खाली मेहुणे चार पायांवर पडले, तसेच काही अंतर गेले, आणि उरलेले दोन पायांवर पार करून मांडवामागे दिसेनासे झाले.

"आता तुम्ही, मालक."

"मी नाही उतरणार." मालकांनी पट्टा आणखी आवळला. "सगळे पाहुणे बघताहेत. हा पळाला तो पळाला. मीही पळालो, तर लोक काय म्हणतील?"

"टेकताना हे उजवीकडे कलंडलं, तर पाती जमिनीला लागून त्यांचे तुकडे उडतील. आत जितकी कमी माणसं तितकं बरं."

"मग कलंडू देऊ नका. पगार कशाचा घेता?"

इंधनाचा काटा खाली सरकत होता. मालकांना जिवाची भीती घालून उपयोग नव्हता. ती त्यांना पुरेशी होती, पण लोकांची भीती तिच्याहून मोठी होती. कॅप्टनने सूर बदलला.

"खरं सांगू का, मालक? अडचण खालची आहे. टायर कुठे रचायचे हे सांगायला तिथे अधिकाराचं माणूस नाही. भाची माझी आहे, पण शेवटी पोर. मेहुणे असते तर..."

दोघांनी मांडवाकडे पाहिले.

"वरून मला माझंच पोट दिसत नाही. समोर उभं राहून कुणी जाणत्यानं हातांनी खुणा केल्या असत्या, तर प्रश्न नव्हता."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?" असे म्हणत मालकांनी पट्टा सोडला.

"मालक मार्गदर्शनाला येताहेत," कॅप्टनने भाचीला कळवले. "डाव्या बाजूला लांब उभं कर, पण मला दिसतील असं."

"आणि त्यांचे हात?"

"हलू देत. मी तुझे बघेन."

या वेळी वजन कमी होताना कॅप्टन तयार होता. मालक उतरले, वाकून चालत गेले, आणि उभे राहताच त्यांनी वादकांच्या ताफ्यासमोर उभे असल्यासारखे दोन्ही हात उचलले. टायर रचून झाल्यावर भाचीने त्याला उजवीकडे बोलावले, तेव्हा ते डावीकडे ढकलत होते. तिने थांब म्हटले, तेव्हा ते जोरजोराने खाली बोलावत होते. कॅप्टनने भार थोडा थोडा करत टायरांवर सोडला. एकदा यंत्र तिरके होऊ लागले. त्याने लगेच वर उचलले. भाचीने पोती सरकवून घेतली. दुसऱ्यांदा ते बसले आणि बसूनच राहिले.

इंजिन बंद झाल्याबरोबर मालक अभिनंदन स्वीकारायला धावले. पाती थांबता थांबता वाकून खाली येतात, हे त्यांना ठाऊक नव्हते. भाचीने त्यांच्या कोटाची मागची बाजू दोन्ही हातांनी धरून ठेवली. फोटोत ती त्यांना शाबासकी देत असल्यासारखी दिसते.

उद्घाटनाचे भाषण लांबले. मालकांनी हेलिकॉप्टर कसे उतरवले ते स्वतःच सांगितले, साभिनय. ज्याने गॅसच्या दाबालाही दाद दिली नाही, त्या रंगाचे त्यांनी कौतुक केले. प्रसंगावधान राखून सर्वांत आधी जमिनीची पाहणी केल्याबद्दल मेहुण्यांना शाल मिळाली.

हेलिकॉप्टर तिथेच ठेवून सगळे मोटारीने परतले. मालक पुढे बसून, आणीबाणीत डोके शांत कसे ठेवावे हे वाटभर कॅप्टनला शिकवत होते. कॅप्टन मधूनमधून "हो" म्हणत होता.

गावात शिरल्यावर मालक आणि मेहुणे त्यांच्या दारी उतरले. मोटार पुढे निघाली, तशी भाची उसळली.

"मामा, एका शब्दानं तरी सांगायचं होतंत, कुणी उतरवलं ते."

"सांगेन की," कॅप्टन म्हणाला. "पण मग पुढच्या वेळी ते उतरणार नाहीत."