पुलीवरची रेघ

पॉलिशला गंज खपायचा नाही. गंजच कशाला, डाग, पोचा, ओरखडा, बोटाचा ठसा, काहीच खपायचं नाही. चाळीस वर्षं गाड्यांचे पोचे काढून त्यांना रंग मारलेला माणूस, त्याचं दुसरं काय होणार! घरातला स्टीलचा डबासुद्धा तो उजेडात फिरवून बघायचा, तेव्हा वहिनी म्हणायच्या, "भावजी, डाळ ठेवायचीय त्यात, तोंड नाही बघायचं." सगळे त्याला पॉलिशच म्हणायचे, खरं नाव आता फक्त कागदावर उरलं होतं.

थोरला भाऊ, म्हणजे दादा, नेमका उलटा. तो इंजिनाचा माणूस. कोपरापर्यंत काळं तेल, कानामागे पेन्सिल, आणि ती पेन्सिल उभ्या जन्मात कधी कागदाला लागली नाही. काय लिहायचं ते तो इंजिनावरच लिहायचा, टोकदार खिळ्याने खुणा ओरखडून. "तुझं सगळं वरवरचं," तो पॉलिशला म्हणायचा. "रंगावर गाडी पळत नसते, बाबा." हे वाक्य पॉलिशने हजारदा ऐकलं असेल. हजाराव्या वेळीही ते पहिल्याइतकंच झोंबायचं.

आता दादा काहीच म्हणत नव्हता. तीन महिन्यांपूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. रविवारी सकाळी दहाला त्याची मुलगी त्याला आणि वहिनींना आपल्या गावी घेऊन जाणार होती, कायमची. दिवसभराचा प्रवास. तिचंही काही चुकत नव्हतं, बापाला दोन वेळा व्यायाम करून घेणारं कुणीतरी हवंच होतं. गॅरेजची जागाही महिनाअखेर सोडायची होती.

गॅरेजच्या कोपऱ्यात दादाची गाडी उभी होती. तीस वर्षं जुनी, दोन दारांची, जमिनीला टेकेल इतकी खाली बसवलेली. कंपनीने तिला बनवलं खरं, पण घडवलं दादाने. दोन दांडगे कार्ब्युरेटर, व्हॉल्व्ह उघडणारा निराळा कॅमशाफ्ट, आणि ताकद वाढावी म्हणून तीनदा घासून पातळ केलेलं, पिस्टनवर बसणारं इंजिनाचं हेड. एके काळी ती चढावरून निघाली की आवाजानेच लोक रस्त्याच्या कडेला सरकायचे. झटक्याच्या आधी आठ दिवस दादाने गॅस्केट बदलायला तिचं इंजिन उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं.

पॉलिशने मनाशी ठरवलं, दादा जाण्याआधी ही गाडी सुरू करायची. त्याला शेजारी बसवून चढावर एक फेरी मारायची. त्याने नुसतं वळून बघितलं तरी पुरे, "तुझं वरवरचं" हे एकदाचं पुसलं जाईल. दुसरी संधी येणार नव्हती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पण गाडी हटून बसली होती. पायाखालचा पत्रा बोट लावताच पापडासारखा तुटायचा. मागची काच मिळेना. एक पार्ट चार दुकानं फिरून आणला, तर तो दुसऱ्याच मॉडेलचा निघाला. "कशाला जिवाचा आटापिटा करताय?" वहिनी म्हणाल्या. "एखादा इंजिनवाला बोलवा."

"दादाच्या गाडीला परक्याचा पाना लावू?" पॉलिश भडकला. "मी काय मेलोय?"

"मग यांना तरी विचारा."

"काय विचारू, वहिनी? त्याला पाणीसुद्धा मागता येत नाही."

हे तो बोलला तेव्हा दादा दारातच चाकांच्या खुर्चीत बसला होता. त्याने मान वळवली आणि भिंतीकडे बघत राहिला.

पॉलिशने एकट्याने सगळं केलं. पत्रा जोडला, रंग मारला, आणि मग इंजिनाकडे वळला. इंजिन जोडायचं तर आधी साफ हवं, हा त्याचा स्वभाव. एकेक भाग रॉकेलमध्ये बुडवून, ब्रशने घासून, मशिनवर चकचकीत केला. कॅमशाफ्टच्या पुलीवर, म्हणजे पट्टा बसतो त्या दातेरी चाकावर, एक आडवा ओरखडा होता. "कुठल्या गाढवाने स्क्रू ड्रायव्हर घसरवलाय इथे!" असं म्हणत त्याने तो घासून घासून काढला. पुलीत तोंड दिसायला लागलं. मग पुस्तकात दिल्याप्रमाणे पुलीवरची कंपनीची खूण इंजिनावरच्या खुणेला जुळवली आणि पट्टा चढवला. पाना लावून हाताने इंजिन दोन वेळा फिरवलं. कुठे अडलं नाही. त्याला हायसं वाटलं.

रविवारी आठ वाजता त्याने दादाची खुर्ची गाडीसमोर आणून लावली आणि बॉनेट उघडलं. आत सगळं चांदीचं असावं तसं लखलखत होतं. "बघ," पॉलिश म्हणाला. "आतूनसुद्धा केलंय. वरवरचं नाही."

तिसऱ्या स्टार्टरला गाडी सुरू झाली. काय तो आवाज! खिडक्यांची तावदानं थरथरली, वहिनी कानावर हात ठेवून चक्क हसल्या. पॉलिशचे डोळे भरून आले. स्टिअरिंगमागून त्याने दादाकडे बघितलं. दादाचं तोंड उघडं होतं, मान हलत होती, आणि डावा हात पुढे झेपावला होता, पंजा सताड उघडा.

गॅरेजमध्ये आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून भावांच्या खुणा ठरलेल्या होत्या. मूठ म्हणजे बंद कर, उघडा पंजा म्हणजे दे अजून रेस. मूठ दादा नेहमी उजव्या हाताने दाखवायचा, आणि उजवा हात मांडीवर पडला होता. डाव्याने तो समोरून काहीतरी धरायला, थांबवायला बघत होता. पॉलिशला मात्र उघडा पंजा दिसला. दादा अजून मागतोय, एवढंच त्याला समजलं, आणि त्याने आनंदाने पाय खाली दाबला.

खाड्कन आवाज झाला. मग आणखी तीन-चार, लागोपाठ. गाडी हिसका देऊन गप्प झाली.

पॉलिश खाली उतरला. त्याने वरचं झाकण खोललं. व्हॉल्व्ह वाकले होते. प्लगच्या भोकातून बॅटरीचा झोत मारून बघितलं, तर एक पिस्टन फुटलेला आणि हेडला आरपार चीर. इतकं पातळ हेड पुन्हा घासता येणार नव्हतं, जोडताही येणार नव्हतं, आणि तसं दुसरं जगात नव्हतं. तो गाडीला टेकून खाली बसला. "कसं झालं हे?" तो म्हणाला. "खूण खुणेला लावली होती. दादा, तुझी शपथ, बरोब्बर लावली होती."

दादाने डाव्या हाताने खुर्चीच्या दांडीवर टकटक केलं. मग बोट वर्कबेंचकडे केलं. वहिनींनी पाना दिला, तो नको. स्क्रू ड्रायव्हर दिला, नको. खिळा दिला, तेव्हा त्याने तो मुठीत घट्ट धरला. वहिनींनी खुर्ची इंजिनाजवळ ढकलली. दादा वाकला. नखाने त्याने पुलीची ती चकचकीत कड चाचपली, एकदा, दोनदा, जिथे काहीतरी असायला हवं होतं तिथे. मग खिळा टेकवला आणि रेघ ओढली. डावा हात थरथरत होता, पण रेघ सरळ आली. कंपनीच्या खुणेपासून जेमतेम एक दात पुढे.

पॉलिशने ती जागा ओळखली. मशिनवर सगळ्यात जास्त वेळ त्याने तिथेच घासलं होतं. हेड घासलं की ते खाली बसतं, आणि मग कंपनीची खूण खोटी ठरते. म्हणून दादाने आपली खूण केली होती. हाताने हळू फिरवताना केसभर निसटलेले व्हॉल्व्ह जोरात फिरताना पिस्टनवर आपटले होते.

"तुला माहीत होतं," पॉलिश म्हणाला. "मी विचारलं असतं, तर तू मला दाखवलं असतंस."

दादाने मान हलवली, हो.

बाहेर मुलीच्या गाडीचा हॉर्न वाजला. वहिनींनी डोळे पुसून पिशव्या उचलल्या. पॉलिशने दादाची खुर्ची दारापर्यंत ढकलत नेली, त्याला उचलून मागच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला. दादाच्या मुठीत खिळा अजून तसाच होता. पॉलिशने तो हळूच सोडवून घेतला, प्रवासात टोचेल म्हणून.

गाडी वळणाआड गेली. पॉलिश परत येऊन बॉनेटपाशी उभा राहिला. हात सवयीने फडक्याकडे गेला. पुलीवर रेघेशेजारी दादाच्या बोटाचा ठसा होता, तेलकट, पूर्ण. त्याने फडकं खाली ठेवलं.