बरणीवरची खोटी चिठ्ठी

“काचेत एक बुडबुडा राहिलाय बघ. राहू दे. संसाराला लागली की कोण बघतंय!”

मित्रांनो, माझ्या कानी पडलेला हा पहिला आवाज. भट्टीपुढे घामाने निथळणाऱ्या काच-कारागिराचा. तो कसा दिसायचा ते आता आठवत नाही, आवाज मात्र अजून माझ्या काचेत घुमतो.

मी एक जुनी बरणी आहे. पोटाने गोल, गळ्याने रुंद, डोक्यावर पत्र्याचं झाकण. या घरात आले तेव्हा माझ्यात साखर होती. मग घरची आई गेली. काही वर्षं माझ्यात शर्टाची बटणं पडून होती. बटणांना काय, भूक ना तहान! मीही धूळ खात बसले होते.

पुढे या घरच्या लेकीने दूध, अंडी, मांस, सगळं सोडलं. ती घड्याळं दुरुस्त करते. एका डोळ्याला भिंग लावून, केसाहून बारीक स्प्रिंग चिमट्यात धरून बसते. सगळं सोडल्यावर तिने मला घासूनपुसून लख्ख केलं आणि माझ्यात पिवळेधमक, पापुद्र्यांसारखे तुकडे ओतले. ते होतं खायचं यीस्ट. पाव फुगवणारं जिवंत यीस्ट वेगळं. हे गरम करून कायमचं निजवलेलं. चवीला खमंग, खारट. तिने कागदाची चिठ्ठी लिहून माझ्या पोटावर चिकटवली: ‘यीस्ट, बी-बारा घातलेलं’. आणि पाकीट फेकून दिलं. या घरात पाकिटं ठेवत नाहीत, सगळं बरण्यांत जातं.

रोज दोन चमचे. कधी सूपवर, कधी उकडलेल्या बटाट्यांवर. भुरभुरवताना ती गुणगुणायची:

काचेच्या गं पोटी, ऊन साठलं पिवळं
माझ्या गं ताटात, सोनं सांडलं कोवळं

मित्रांनो, इतकं कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

तिचे बाबा चाळीस वर्षं बेकरीत होते. ते मला बघून हसायचे. “मेलेलं यीस्ट खातेस? आमच्याकडे असलं मेलं की उस्ताद कानाखाली वाजवायचा!”

“तुम्ही नका खाऊ बाबा. तुम्ही तुमचं टम्म फुगा,” ती म्हणायची.

मग एका सकाळी, ती कामावर गेल्यावर, चव तरी बघू म्हणून बाबांनी मला फळीवरून काढलं. त्यांचे हात हल्ली थरथरतात. लेकीने बजावलं होतं, “वरचं काही काढू नका, मला सांगा.” पण जन्मभर पोती उचललेला माणूस, त्याला एका बरणीसाठी लेकीची वाट बघायची लाज वाटली. झाकण निघालं, मी कलंडले, आणि सगळं सोनं भांड्यांच्या ओल्या मोरीत गेलं. मी फुटले नाही. फुटले असते तर बरं झालं असतं, असं नंतर कितीदा वाटलं.

बाबांनी तो पिवळा चिखल पाण्याने वाहून लावला. मग उठून जुन्या बेकरीत गेले. तिथेही निजवलेलं यीस्ट असतं. ताठर कणीक सैल करायला पिठात चिमूटभर घालतात. पिशवीभर आणून त्यांनी माझ्यात ओतलं. रंग फिकट होता, पण कोण बघतंय? “यीस्ट ते यीस्ट,” ते स्वतःशीच म्हणाले. चिठ्ठी तशीच राहिली.

तिथून माझी झोप उडाली. मी तळाला गेले की बाबा गुपचूप भरायचे.

“बाबा, ही बरणी संपतच नाही की काय?”

“मी आणतो ना दुकानातून. तेवढं तरी करू दे मला.”

असे दोन हिवाळे गेले.

एकदा शेजारच्या काकू या यीस्टबद्दल विचारायला आल्या. लेक त्यांना म्हणाली, “काकू, बी-बारा हे जीवनसत्त्व झाडपाल्यात मिळत नाही. या यीस्टमध्येही ते आपोआप नसतं हं, कारखान्यात वेगळं घालतात. पाकिटावर तसं लिहिलेलं बघूनच घ्या.” बाबा तेव्हा कप पुसत होते. फडकं थांबलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मला झाकणाखाली तोंड लपवावंसं वाटलं.

त्या दिवसापासून बाबांचं वेगळंच सुरू झालं. “पोरी, एखादी गोळी घेत जा ना.” “एक अंडं खाल्लंस तर काय आभाळ कोसळणार आहे?”

“गोळी कशाला? बरणी आहे ना!” ती म्हणायची आणि माझ्या पोटावर टिचकी मारायची. ती टिचकी मला घणासारखी लागायची. त्यांनी दुकानातून खरं पाकीट आणून भरलं, पण तोवर फार उशीर झाला होता. मागचं मात्र ओठावर येत नव्हतं.

तिच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या होत्या. आधी पायाला, मग हाताला. एके दिवशी स्प्रिंग चिमट्यातून निसटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी ती जेवताना म्हणाली, “बाबा, मला स्प्रिंग दिसते, पण लागत नाही बोटांना. हात गेले तर मी काय करू?” बाबांनी घास ताटात ठेवला.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि सांगितलं, बी-बारा फार कमी आहे, त्यानेच नसा बधिर होतायत; रोज खाता ते घेऊन या. लेकीने टॉवेलात गुंडाळून मला पिशवीतून नेलं. बाबा शेजारच्या खुर्चीवर, टोपी दोन्ही हातांत पिळत.

बाईंनी मला फिरवलं, चिठ्ठी वाचली. “रोज दोन चमचे?”

“सहा वर्षं. एक दिवस चुकवला नाही.”

“तरी रक्तात इतकं कमी? मग तुमच्या पोटात ते जिरतच नसणार. इंजेक्शनं आजपासून सुरू करू, पण कारण शोधायला हवं. घशातून नळी घालून आत बघावं लागेल.”

“माझी बोटं पूर्वीसारखी होतील ना?”

“होतील अशी आशा धरू. जितकं लवकर, तितकं बरं.” बाई कागद ओढून लिहायला लागल्या.

मित्रांनो, माझ्याजवळ तोंड आहे, पण जीभ नाही. खरं काय ते मला ठाऊक होतं आणि दोन वर्षं अंगावर खोटं चिकटलेलं होतं. म्हणून हात जोडून सांगते: बरणी भरताना काय भरलं, कुठून आणलं, ते त्याच दिवशी लिहा. जुनी चिठ्ठी फाडा. काही सांडलं तर सांडलं म्हणा. मोरीतलं पाण्याने वाहून जातं; झाकून ठेवलेलं कुणाच्या तरी ताटात पडतं.

बाईंचं पेन कागदावर चालत होतं. लेक आपली बोटं एकमेकांवर घासत होती, त्यांना जागं करावं तशी. बाबांनी टोपी टेबलावर ठेवली.

“लिहू नका, डॉक्टर. ती चिठ्ठी खोटी होती. दोन वर्षं मी हिला बेकरीतलं साधं यीस्ट खाऊ घातलं. आधी मला कळलं नव्हतं. मग कळलं, तरी बोललो नाही.”

लेकीची बोटं थांबली.

“तुझ्या पोटात काही बिघाड नाही, पोरी,” बाबा म्हणाले. “बरणी माझ्या हातून सांडली होती.”