खालून न दिसलेली झीज

मी लोखंडाची एक कडी आहे. झोपाळ्याची साखळी वरच्या नळीला जिच्यावर लटकते, ती. कधीकाळी मी बोटाएवढी जाड होते. आता एका टोकाला काडेपेटीतल्या काडीएवढी उरलेय, आणि त्याच टोकाला तुटलेय.

माझ्या गावाचं नाव मी सांगणार नाही. घोड नदीच्या काठी आहे, एवढं पुरे. जे झालं त्याची लाज माझी आहे, ती गावावर कशाला टाकू?

हमरस्त्यालगतच्या एका वेल्डिंगच्या दुकानात माझा जन्म झाला. भंगारात आलेली एक सळई मिस्त्रीनं तापवली, तिचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याला दोन्हीकडून वळण दिलं. सळई मऊ होती. रंग फासल्यावर ते कुणाला कळणार? त्या एका सळईतून आम्ही चार बहिणी निघालो. दोघी तालुक्याच्या गावातल्या बागेत गेल्या आणि आम्ही दोघी इकडे, नदीकाठच्या नव्या बागेत.

बाग छोटी होती. चालायला फरशीची वाट, चार बाकडी, एक घसरगुंडी आणि मधोमध आमचा झोपाळा. उद्घाटनाला आलेल्या मोठ्या माणसानं फीत कापली आणि फोटोपुरतं पाटावर बसून घेतलं. ‘बारा वर्षांखालील मुलांसाठी’ अशी पाटी होती. पण दुपारी बाग सुनी झाली की गावातल्या सुना इकडेतिकडे बघत यायच्या, पदर खोचायच्या आणि दोन झोके घेऊन गुपचूप निघून जायच्या. त्यांचं ते दबलेलं हसू मी वरून ऐकायचे. मला माझा फार अभिमान वाटायचा.

बागेची देखरेख रखमाजींकडे होती. मुळात ते पाणी सोडणारे. सकाळी गावाचे व्हॉल उघडायचे, संध्याकाळी बंद करायचे. बाग झाली तेव्हा कुणीतरी म्हणालं, "रखमाजी, तुमी हायेतच, तेवढं बागेकडं बी बघा." झालं. बघायचं म्हणजे काय बघायचं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांनी झाडांना पाणी घातलं, पालापाचोळा झाडला, शेळ्या हाकलल्या. माणूस कामाचा होता. आळस त्यांना ठाऊक नव्हता, म्हणून तर पुढचं मला जास्त लागतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात मी कुरकुरू लागले. झोका पुढे गेला की एकदा, मागे आला की एकदा. वर मी ज्या कड्यात अडकले होते, त्याला घासून घासून माझं अंग झिजत होतं. बाकड्यावर बसणारी म्हातारी माणसं वैतागली.

"रखमाजी, त्या झोक्याचं कायतरी करा राव. डोस्कं उठलं."

रखमाजींनी काठीच्या टोकाला तेलाची बाटली बांधली आणि खालूनच माझ्यावर धार सोडली. मी गप्प झाले. सगळ्यांनी त्यांची पाठ थोपटली. मग दर पंधरवड्याला तेल. मलाही ते गार तेल आवडायला लागलं, खोटं कशाला बोलू? आवाज करणं एवढंच माझ्या हातात होतं आणि तेच मी सोडून दिलं. आतून झिजत राहिले. माझ्या अंगाची तांबडी पूड रोज पाटाखाली पडायची आणि रखमाजी ती पाल्याबरोबर झाडून टाकायचे.

त्या पाटावर सगळ्यात जास्त कोण बसायचं, तर हिरा. पाचवीतली पोर. वडील धर्माजी मेंढ्या घेऊन रानोमाळ फिरायचे. आई रतनबाई पोरीच्या शाळेसाठी गावात राहून लोकांच्या शेतात जायची. शाळा सुटली की हिरा दप्तर कुंपणाला अडकवून रांगेत उभी राहायची. आपली पाळी आली की पाटावर उभी राहून झोका चढवायची. एवढा उंच, की भिंतीपलीकडची नदी आणि नदीपलीकडचा माळ दिसावा. वडिलांच्या मेंढ्या माळावर आल्या असल्या की ती वरूनच ओरडायची, "आले! आमचे आप्पा आले!"

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी, पाचच्या सुमाराला, झोका असाच उंच गेला आणि मी तुटले.

एक साखळी सुटली, पाट तिरका झाला आणि हिरा डाव्या कोपरावर आपटली. तिचं ओरडणं मी इथे लिहिणार नाही. रखमाजी पाण्याचा पाईप टाकून धावत आले. त्यांनी तिला उचललं, शेजारच्या बाईला गाडीवर मागं बसवलं, तिच्या मांडीवर पोर दिली आणि दवाखाना गाठला. कोपर दोन ठिकाणी मोडलं होतं. आत सळ्या घालाव्या लागल्या. हात वाचला, पण तो आता पुरता सरळ होत नाही.

संध्याकाळी रखमाजी बागेत परत आले. गवतात त्यांना मी सापडले. त्यांनी मला उचलून तुटलेल्या टोकावरून अंगठा फिरवला आणि मला खिशात टाकलं.

दुसऱ्या दिवशी पंचायतीत चौकशी झाली. रखमाजी म्हणाले, "पोरगी उभी राहून लई जोरात खेळत व्हती. कडी तुटली असंल. घावली न्हाई."

मी त्यांच्या खिशातच होते.

ते वाक्य कागदावर गेलं आणि कागदावरून गावभर झालं. पोरगी वांड आहे, आईचं लक्ष नाही, असं लोक बोलू लागले. रतनबाईनं कुणाशी भांडण केलं नाही. हाताला पट्टी बांधलेल्या पोरीला घेऊन ती बागेवरून जायची तेव्हा मान खाली घालायची. पुढचे चार महिने मी रखमाजींच्या पान्ह्यांच्या डब्यात पडून होते. अधूनमधून ते डबा उघडायचे, मला बघायचे आणि झाकण लावायचे. आम्ही दोघं एकमेकांची नजर चुकवत जगत होतो.

जूनमध्ये एका रविवारी एसटीनं एक बाई आल्या. पन्नाशीच्या, खांद्याला कापडी पिशवी. थेट बागेत आल्या. पाट काढलेला झोपाळ्याचा सांगाडा त्यांनी निरखून बघितला आणि रखमाजींना विचारलं, "दादा, ती कडी कुठाय?"

"तुमी कोण?"

"मी वैजयंती. तालुक्याच्या गावात बागेचं काम बघते."

"कडी घावली न्हाई."

वैजयंतीताईंनी पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढून उघडली. आत माझी बहीण होती. माझ्यासारखीच झिजलेली, पण निम्मी. न तुटलेली.

"झोपाळ्याखाली तांबडी पूड दिसली म्हणून मी शिडी लावून वर चढले होते," त्या म्हणाल्या. "ही काढली, दुसरी घातली, रजिस्टरला लिहिलं. दोन वर्षं झाली त्याला. त्याच मिस्त्रीनं तुमचाही झोपाळा केलाय, हे मला परवा कळलं. पोर पडल्याची बातमी जुन्या पेपरात वाचून चौकशी केली तेव्हा. त्याच्या कड्या झिजतात हे मला आधीच ठाऊक होतं, दादा. पण सांगायचं कुणाला? तुमची बाग पंचायतीची, आमची नगरपरिषदेची, पलीकडची वनखात्याची, धरणाजवळची आणखी कुणाची. कुणाच्या बागेत कोण काम करतं, हेच आपल्याला माहीत नाही. पण मी विचारलंसुद्धा नाही कुणाला. ते माझ्याच्यानं विसरवत नाही."

रखमाजी बागेच्या शेडकडे वळले. आत गेले, डबा घेऊन आले आणि मला माझ्या बहिणीशेजारी ठेवलं. तिची झीज वेळेवर कुणीतरी बघितली होती. मला तिच्याकडे बघवेना.

"मला कुणी शिकवलं न्हाई, ताई," रखमाजी हळूच म्हणाले.

"मला तरी कुणी शिकवलं? पण शिकवणारं येईपर्यंत थांबायचं का? बागा, मैदानं, ओपन जिम सांभाळणारी माणसं गोळा करू. ज्याला जे येतं ते त्यानं दुसऱ्याला दाखवायचं."

पुढच्या महिन्यात आमच्याच बागेच्या शेडमध्ये नऊ माणसं जमली. डिंभ्याहून सोनीबाई आल्या, खोडदहून रामदासभाऊ आले, शिनोलीहून दोघं आले. डिंभ्याची एसटी उशिरा आली म्हणून सगळे तासभर थांबले, आणि त्या तासातच निम्म्या ओळखी झाल्या. वैजयंतीताईंनी सोमाजी नावाच्या एका निवृत्त फिटरला बोलावलं होतं. त्यांनी शिडी कशी लावायची, साखळी कुठं हलवून बघायची, घसरगुंडीचा पत्रा कुठं उचकटतो, हे हात लावून दाखवलं. मग माझ्या बहिणीला मापाची पट्टी लावली. "बारा मिलिमीटरची कडी आठवर आली की फेकायची. दया दाखवायची न्हाई."

रखमाजींकडे फक्त चहाचं काम होतं. कप वाटून झाले आणि ते तिथेच उभे राहिले. खिशातून मला काढलं.

"ही माझ्या झोक्याची. घावली न्हाई म्हणून मी लिवून दिलं व्हतं. घावली व्हती, मी दडवली. त्या पोरीची चूक नव्हती. झोका दोन वर्षं वाजत व्हता आन् मी तेल घालून त्याचा आवाज बंद केला." त्यांनी मला सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. "वर चढून बघावं, हे मला सुचलं न्हाई."

मग रामदासभाऊंनी कप खाली ठेवला. "भाऊ, मी बी तेलच घालतो."

"मी तर ह्या जल्मात शिडी लावली न्हाई," सोनीबाई म्हणाल्या. "उद्या लावते."

मला हातोहात फिरवण्यात आलं. नऊ जणांनी माझ्या तुटक्या टोकावर बोट ठेवलं. लोखंडाला घाम येत नाही, नाहीतर मी भिजून गेले असते.

सगळे गेल्यावर रखमाजी वैजयंतीताईंना घेऊन रतनबाईच्या घरी गेले. रतनबाई दारात मिरच्या निवडत होती. रखमाजींनी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मिरच्या निवडणं थांबवलं नाही.

"आता सांगताय व्हय?" ती शेवटी म्हणाली. "पाच महिनं पोरगी रडतीया. मी बी तिलाच बोलले. आईच असून बोलले."

"माझं चुकलं, रतनबाई."

"ते माझ्यापाशी नगा बोलू. कागदावर लिवलं व्हतं ना? कागदावरच खोडा."

हिरा उंबऱ्यात येऊन उभी होती. तिनं उजवा हात पुढे केला. रखमाजींनी मला तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं मला उलटंसुलटं करून बघितलं.

"एवढीशीच हाय?" ती म्हणाली. मग तिनं माझ्या तुटक्या टोकावर बोट ठेवलं. "मला वाटलं, मीच लई जोरात खेळले."

त्या क्षणी मला पुन्हा भट्टीत टाकलं असतं तर बरं झालं असतं.

रखमाजींनी दुसऱ्याच दिवशी पंचायतीत नवा जबाब लिहून दिला आणि तो ग्रामसभेत वाचून दाखवायला लावला. बाग त्यांच्याकडून काढून घेतली, आता ते पुन्हा फक्त पाणी सोडतात. रतनबाईनं त्यांना माफ केलं की नाही, मला माहीत नाही. वाटेत भेटली तर "जेवण झालं का" एवढं विचारते. पण दर दोन महिन्यांनी बागांची माणसं जमतात तेव्हा रखमाजी हटकून जातात, आणि मला घेऊन जातात.

आता त्या डब्यात मी एकटी नाही. कुणी झिजलेला बोल्ट आणतं, कुणी घसरगुंडीचा धारदार पत्रा, कुणी व्यायामाच्या यंत्राचं फुटलेलं बेअरिंग. सगळं वेळेवर काढलेलं, कुणालाही न लागलेलं. प्रत्येकाला वैजयंतीताई दोऱ्यानं चिठ्ठी बांधतात: कुठून काढलं, कधी, काय दिसलं म्हणून. मागच्या खेपेला एका गावच्या माणसानं माझ्यासारखीच एक कडी आणली. मोजली तर साडेसात भरली. तो पठ्ठ्या हसत होता, आणि का नाही हसावं? त्या झोपाळ्यावरची पोरं त्याच दिवशी शाळेत धडधाकट होती.

माझ्या गळ्यात मात्र कित्येक महिने चिठ्ठी नव्हती. माझ्याबद्दल काय लिहावं, कुणालाच कळत नव्हतं. शेवटी रखमाजी म्हणाले, "तिलाच इचारू."

हिरा आता सहावीत आहे. तिनं वहीचं पान फाडलं, आखडलेल्या डाव्या हातानं ते जमिनीवर दाबून धरलं आणि उजव्या हातानं सावकाश लिहिलं: ‘ही कडी तुटली तेव्हा झोक्यावर मी होते. माझी चूक नव्हती. हिरा धर्माजी, इयत्ता सहावी.’

ती चिठ्ठी आता माझ्या अंगाला बांधलेली आहे. मला माफी नको, ती मागायचा मला हक्कही नाही. एक विनंती आहे. कधी मी तुमच्या गावात आले आणि हातोहात फिरत तुमच्यापर्यंत पोहोचले, तर आधी ती चिठ्ठी वाचा. मग मला खाली ठेवा आणि शिडी घ्या.