ही खिडकी बंद करू नये

मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीने डकवलेला कागद: ही खिडकी बंद करू नये. खाली दोन रेघा.

डावा गुडघा. गुरुवार, सकाळी आठ. सहीला घरचं माणूस हवं.

टाक्या सात. चौथीचा फ्लोट अधूनमधून रुसतो.

बॅगेची चेन अर्ध्यावर अडकते. मेणबत्ती घासली की सरकते.

सेवा म्हणजे काय? मालक घरी गेला तरी जी चालू राहते ती.

तर हे सगळे तुकडे एकाच घरातले. घर म्हणजे पाणीपुरवठ्याच्या ऑफिसचा दुसरा मजला, त्यातलं कोपऱ्यातलं टेबल आणि टेबलामागे बसणारी बाई. तिला सगळे खिडकीबाई म्हणत. अकरा वर्षांपूर्वी तिने एक प्रोग्राम लिहिला होता. सातही टाक्या नेटवर्कवरून आपापली पातळी सांगत, हा ऐकत बसे. टाकी भरत आली की चावीवाल्यांच्या फोनवर मेसेज जाई आणि ते जाऊन व्हॉल्व्ह बंद करत. काम चोख. खोट एकच: प्रोग्राम तिच्या स्क्रीनवरच्या एका काळ्या खिडकीत चाले. खिडकी बंद झाली की तो मेला. वीज गेली की मेला. मग रविवार असो की ताप असो, बाईंनी यायचं, फोल्डर उघडायचं, त्याला पुन्हा उठवायचं.

कुणाचं तरी आपल्यावाचून अडतं, ही गोष्ट सुरुवातीची पाच वर्षं गोड लागते. पुढे ती पाठीला लागते.

थोरल्या बहिणीच्या, ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं होतं, दोन्ही वेळा हिच्यामुळे. ताई परगावी, एकटी. तिसऱ्यांदा तारीख मिळाली तेव्हा ताई फोनवर म्हणाली, "तुझ्या त्या लाडक्याला सांभाळायला कुणी मिळत नसेल तर राहू दे हो. मी लंगडत जाईन वर."

"वर कुठे?"

"डॉक्टर तिसऱ्या मजल्यावर बसतो. तुला काय वाटलं?"

म्हणून मंगळवारी दुपारी खिडकीबाईंनी प्रोग्रामला यंत्राच्या कारभाऱ्याच्या हवाली केलं. असा एक कारभारी प्रत्येक सर्व्हरमध्ये असतो. पडद्यामागची कामं तो बघतो. त्याला बारा ओळींची चिठ्ठी लिहून द्यायची: काय चालवायचं, कुणाच्या नावाने चालवायचं, नेटवर्क आल्यावरच सुरू कर, पडला तर पाच सेकंदांनी उचल.

"आमच्या घरी कारभारी मीच," चावीवाले काका मागे उभे राहून म्हणाले. "पण पडलो तर पाच सेकंदांत कुणी उचलत नाही."

स्क्रीनवर हिरवा ठिपका आला. चालू. बाईंनी अकरा वर्षांत पहिल्यांदा ती काळी खिडकी हाताने बंद केली. ठिपका हिरवाच राहिला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. साहेब तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, टाळ्या पटकन वाजवत. तिला काहीच वाटलं नाही. नुसती झोप आली.

*मंगळवार १५:१२. सेवा सुरू.*

बुधवारी तीनची बस होती. बॅग टेबलाखाली होती. अकरा वाजता काका आले ते गुडघ्यापर्यंत भिजून.

"बाई, चौथी वाहून गेली. आत्ता व्हॉल्व्ह बंद करून आलो. खालच्या रस्त्यावर लोक चपला हातात घेऊन चाललेत."

"मेसेज आला नाही?"

"आला असता तर मी असा आंघोळ करून आलो असतो का?"

तिने बघितलं. हिरवा ठिपका. चालू, एकोणीस तास अठ्ठेचाळीस मिनिटं. एकदाही पडला नव्हता. बाईंना ते पाहून ओळखीचं काहीतरी वाटलं. कुणी "कसं काय?" विचारलं की आपणही "चाललंय" म्हणतो, आणि समोरचा समाधानाने पुढे जातो.

साहेब आले. "पण चालू दिसतोय की."

"चालू आहे. काम करत नाहीये."

"असं कसं?"

"साहेब, एवढी वर्षं ऑफिसात काढलीत आणि मला विचारता?"

काका खोकले. साहेब हसले, मग त्यांचं हसू विझलं. "हे मिटल्याशिवाय तुम्हाला सोडता येणार नाही, बाई. माझाही नाइलाज आहे."

तिने नोंदवही उघडली. म्हणजे प्रोग्राम स्वतःच लिहीत जातो ती.

*बुधवार १०:३१. टाकी ४ भरली. कळवले: ० जणांना.*

शून्य. त्याने इमानेइतबारे टाकी पाहिली होती, इमानेइतबारे कुणालाच कळवलं नव्हतं. नंबरांची यादी तर तिच्या फोल्डरात जिथल्या तिथे होती, सात जणांची. तिने फाइल उघडली, मिटली, परत उघडली. साडेबारा झाले. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं.

फोन वाजला. ताई.

"निघालीस?"

"नाही गं. अजून इथेच आहे."

"इथे म्हणजे कुठे?"

"इथे म्हणजे… ऑफिसात."

"तेच म्हणते मी. जिथे तू बसशील ते तुझं 'इथे'. मी आपली म्हणते इथे ये, इथे ये. माझं इथे तुला सापडणार कसं?"

खिडकीबाई स्क्रीनकडे वळल्या. मग म्हणाल्या, "ताई, ठेव. ठेव फोन. रागावू नकोस."

कारण अकरा वर्षांपूर्वी तिने तेच लिहिलं होतं. यादी कुठून वाचायची? इथून. पूर्ण पत्ता लिहायचा कंटाळा केला होता. आजवर ती स्वतः आपल्या फोल्डरात बसून प्रोग्राम उठवायची, त्यामुळे इथे म्हणजे तिचं घर. कारभारी त्याला उठवतो ते यंत्राच्या पार मुळाशी, सगळ्या फोल्डरांच्या बाहेर. तिथे त्याने 'इथे' पाहिलं, यादी नव्हती. आणि यादी नसेल तर रिकामी समजून पुढे चाल, हेही तिनेच शिकवलं होतं. बिचारा चालला.

तिने 'इथे' खोडलं. मुळापासून यादीपर्यंतचा अख्खा पत्ता टाइप केला. यादी नसेल तर बोंब मार, अशीही एक ओळ घातली. सेवा पुन्हा सुरू केली.

"काका, चौथीवर जाऊन फ्लोट, तो तरंगता गोळा, हाताने वर उचलाल? म्हणजे टाकी भरली असं त्याला वाटेल."

"आत्ताच वाळलो होतो," काका म्हणाले आणि गेले.

वीस मिनिटांनी टेबलावर तिचा फोन थरथरला: टाकी ४ भरली. पाठोपाठ काकांचा फोन. "आला बाई मेसेज. दोन्ही खिशांत एकदम वाजलं, दचकून फ्लोट सोडला."

दोन वाजून पाच. साहेब खुर्ची ओढून बसले. "उद्याचा एक दिवस थांबता का? नजर ठेवायला."

"कशावर ठेवू? खिडकीच नाही आता."

"पडला तर?"

"पाच सेकंदांत उठेल."

"आणि नाही उठला तर?"

"तर काका चालत जाऊन टाकीत वाकून बघतील. अकरा वर्षांपूर्वी तसंच बघायचे. माझ्या बहिणीच्या कागदावर सही करायला मात्र काका चालणार नाहीत, साहेब."

साहेबांनीच उठून बॅग टेबलाखालून बाहेर काढली. चेन अडकली होती. त्यांनी ओढून पाहिली. बाईंनी खणातून मेणबत्तीचा तुकडा काढला.

निघण्याआधी तिने यादी शेवटची उघडली. पहिला नंबर तिचा स्वतःचा होता. तो खोडला.

*बुधवार १४:२१. सेवा सुरू. यादी वाचली. लोक: ६.*

कागद तिने नखाने सोडवला. चिकटपट्टी पिवळी पडली होती, कोपरा फाटला. चुरगाळायला घेतला होता, पण घडी घातली आणि पर्समध्ये तिकिटाशेजारी ठेवला. जिना उतरताना गुडघे तिचेही कुरकुरले.

कागदावरचं अक्षर ताईचं होतं. अकरा वर्षांपूर्वी ती एकदाच ऑफिसात आली होती, विसरलेला डबा द्यायला, आणि ती म्हणाली होती की तुझं अक्षर कुणाला लागायचं नाही, आण इकडे, मी लिहिते.