तीन हाका

चंद्रकलाबाईंनी पिशवी बाकावर आपल्या शेजारी ठेवली आणि वर हातही ठेवून बसल्या. कोर्टाच्या पहिल्या मजल्यावरच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि ही पिशवी मात्र ऐसपैस बसलेली.

"मावशी, पिशवी मांडीवर घ्या की," काखेत फाईल धरलेला एक माणूस म्हणाला.

"कुनीतरी यायचं हाय," चंद्रकलाबाई म्हणाल्या.

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीने, वृषालीने, झटकन वळून पाहिलं. आज कुणीही यायचं नव्हतं. कुणी आलं नाही एवढं एकदा कागदावर यावं, म्हणून तिने हिंजवडीच्या ऑफिसात या वर्षातली सातवी रजा टाकली होती.

"आई, सकाळी काय ठरलंय आपलं?"

"ध्यानात हाय."

"काय?"

"गप बसायचं."

पौर्णिमेला विहारात जाताना नेसायची ती पांढरी साडी चंद्रकलाबाई आज नेसून आल्या होत्या. पिशवीत डबा होता. दोघींचा म्हणून केलेला, पण भाकऱ्या सहा होत्या. वृषालीने त्या सकाळी मोजल्या होत्या.

वडील, दामू रणपिसे, गेले त्याला चार वर्षं झाली. मागे राहिलं ते मुळशीतल्या भुकूममधलं दोन खोल्यांचं घर. त्यावर बायको, मुलगी आणि मुलगा अशी तिघांची नावं लागली, तिथपर्यंत सगळं सुरळीत झालं. मग शेजारच्या प्लॉटवर इमारतीचा पाया खणला गेला आणि यांची मागची भिंत वरपासून खालपर्यंत तडकली. सुरुवातीला त्या भेगेत बोट जात नव्हतं, आता मूठ जाते. घर उतरवून बांधायचं तर कर्ज हवं, आणि कर्जाच्या कागदावर तिघांच्या सह्या हव्यात. चंद्रकलाबाईंची खाट त्याच भिंतीला लागून होती. समोरच्या भिंतीला मुलाची, अभयची, कॉट, आणि ती हलवायचा विषय घरात कुणी काढायचा नाही.

तिसरी सही या अभयची. तो कंपनीची कॅब चालवायचा. नऊ वर्षांपूर्वी बापाशी चार शब्द झाले, त्याने चपला घातल्या, "येतो" म्हणाला आणि पायऱ्या उतरला. आपल्याकडे घराबाहेर पडणारा कुणी "जातो" म्हणत नाही. चंद्रकलाबाईंनी मात्र तो एवढासा शब्द घट्ट धरून ठेवला. पोलिसांत जायला दामूने साफ नकार दिला होता. "पोरगं रुसलंय, हरवलं न्हाई," असं तो म्हणायचा, आणि बाप जिवंत असेपर्यंत अभय त्या घरात रुसलेलाच राहिला. त्यामुळे तो कधीपासून बेपत्ता आहे याचा एक चिटोराही कुणाकडे नव्हता. बाप गेल्यावर वृषालीने तक्रार दिली, तेव्हा ठाण्यातल्या माणसाने तारीख पाहून विचारलं होतं, "इतकी वर्षं काय करत होता?"

"सात वर्षं ज्याची काही खबर नाही, त्याला मृत समजावं, असं कोर्टाकडून ठरवून घ्यावं लागेल," वकील मोनिका मॅडम म्हणाल्या होत्या. "दावा तुम्हीच लावायचा. आणि त्याआधी कोर्ट त्याला एकदा बोलावून बघणार."

"मेलेल्याला?"

"मेला हे अजून ठरलं कुठंय?"

नोटीस पाठवायची ती त्याच्या शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर, म्हणजे यांच्याच घरी. पहिल्या वेळी कोर्टाचा बेलिफ नोटीस घेऊन आला तेव्हा वृषाली कामावर होती. चंद्रकलाबाई दारात लसूण सोलत बसल्या होत्या.

"अभय दामू रणपिसे हितंच ऱ्हातात?"

"व्हय."

"हायेत घरात?"

"बाहेर गेलाय."

"कवा येतील?"

"यील की सांजच्याला."

दारात येऊन अभयला विचारणाऱ्या प्रत्येकाला ती माऊली हेच सांगत आली होती. क्रिकेटच्या पोरांना, कॅबच्या मालकाला, मित्रांना. तोंडात बसलेलं वाक्य, सुटून गेलं. बेलिफानेही जसंच्या तसं लिहून घेतलं: प्रतिवादी याच पत्त्यावर राहतात, बाहेर गेले आहेत, संध्याकाळी परत येतील असे घरातील स्त्रीने सांगितले. कोर्टात ते वाचून झाल्यावर न्यायाधीशांनी चष्म्यावरून वृषालीकडे पाहिलं. त्या एका वाक्यापायी अकरा महिने गेले.

"असं का सांगितलंस?" त्या दिवशी घरी येऊन वृषालीने विचारलं होतं. आवाज चढला होता.

"मग काय सांगू? घरातल्या मानसाला ऱ्हात न्हाई म्हनू?"

वृषालीने कपाळावर हात मारून घेतला. दोन दिवस ती आईशी बोलली नाही. तिला आईचा राग येत होता आणि त्या रागाची लाजही वाटत होती, आणि भिंत काही तिच्या रागालोभासाठी थांबणार नव्हती.

दुसऱ्या खेपेला ती घरीच थांबली. बेलिफाला जे सांगायचं ते तिनेच सांगितलं, चंद्रकलाबाई आत बसून राहिल्या. त्याने नोटीस दारावर डकवली आणि तो गेला. पुढे दोन महिने चंद्रकलाबाई ते दार हळू लावत होत्या, कागद फाटू नये म्हणून. एकदा त्यांनी मुलीकडून तो वाचून घेतला. अभय दामू रणपिसे यांनी अमुक तारखेला सकाळी साडेदहा वाजता समक्ष हजर राहावे, असं त्यात होतं.

"म्हंजे बोलावलंय त्याला," त्या म्हणाल्या.

"तशी पद्धत असते, आई."

आज सकाळी बस यायच्या आधी तिने पुन्हा सगळं समजावलं. शिपाई बाहेर येऊन नाव पुकारेल, तीनदा. आपण काही बोलायचं नाही. तिसऱ्या हाकेनंतर तो गैरहजर असं लिहील की झालं.

"तीनदाच?"

"तीनदाच."

"एखाद्याला लांबून यायचं आसंल तर?"

तेवढ्यात बस आली.

साडेबारा वाजता शिपाई कागद घेऊन दारात आला. घसा खाकरून, व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा तो ओरडला.

"अभय दामू रणपिसेऽऽ!"

ते नाव असं पूर्ण आणि मोठ्यानं वृषालीने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. घरात ते कुणी घेतच नसे. शाळेत धावण्याच्या शर्यतीचं बक्षीस मिळालं तेव्हा माईकवरून असंच पुकारलं होतं, आणि अभय दोन-दोन पायऱ्या एकदम ओलांडत स्टेजवर चढला होता. तिने आईकडे पाहिलं. चंद्रकलाबाईंनी पदराचा बोळा तोंडाशी धरला होता. दुसरा हात पिशवीवर होता.

"अभय दामू रणपिसेऽऽ!"

जिन्यावर पावलं वाजली. कुणीतरी भराभर, दोन-दोन पायऱ्या टाकत वर येत होतं. वृषाली भिंतीपासून पुढे झाली. वर आला तो कुणा वकिलाचा कारकून, छातीशी फायलींचा गठ्ठा धरून. तो घाईघाईने आत निघून गेला.

"अभय दामू रणपिसेऽऽ हजर आहेत का?"

शिपायाने कागद दाराच्या चौकटीला लावून धरला आणि खिशातलं पेन काढलं. याच घडीसाठी दोन वर्षं खेटे घातले होते. आता नुसतं उभं राहायचं होतं.

"थांबा जरा," वृषाली म्हणाली.

शिपायाने वळून पाहिलं.

"खाली गेटपाशी बघून येते. लांबून यायचं असेल... तर वेळ लागतो माणसाला."

"ताई, दावा तुमचाच हाय ना?"

"दोनच मिनिटं."

आपण काय करतोय हे तिला कळत होतं, पण पाय थांबेनात. ती जिना उतरू लागली. वळणावरच्या खिडकीतून गेट दिसत होतं, चहाची टपरी, रांगेत लावलेल्या दुचाक्या. एक पांढरी कॅब येऊन थांबली. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडेपर्यंत ती तिथंच उभी राहिली. टक्कल पडलेला, पन्नाशीचा एक गृहस्थ उतरला आणि टपरीकडे गेला.

वरून आईचा आवाज आला.

"लिवा, सायेब. न्हाई आला."

"नक्की ना, मावशी?"

"न्हाई आला. मी आई हाय त्याची."

वृषालीने खिडकीच्या गजाला कपाळ टेकवलं. तिला रडू आलं, आणि ते तिने आवरलं नाही.

ती वर आली तेव्हा शिपाई पुढचं नाव पुकारत होता. मोनिका मॅडम तारीख घेऊन बाहेर आल्या. आता पेपरात जाहिरात द्यायची, मग साक्षी, मग पुढचं. तारीख सप्टेंबरची मिळाली होती.

"सप्टेंबर," वृषाली म्हणाली. मधले जून, जुलै, ऑगस्ट तिने मनातल्या मनात मोजले. मुळशीतला पाऊस तिला नवा नव्हता, आणि भिंत तडकलेलीच होती.

"लवकरची नाहीच मिळाली," मॅडम म्हणाल्या. त्यांना आत दुसरी केस होती.

चंद्रकलाबाईंनी बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. रिकाम्या झालेल्या जागेवरून पदर फिरवला.

"बस," त्या लेकीला म्हणाल्या.